खेळ कागदावर किती ठरतो?

व्हिडिओ गेम करायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येक टीममध्ये सुरुवातीलाच एक वाद होतो: आधी लिहायचे की आधी बनवायचे? एका बाजूचे म्हणणे असते की पात्रे किती, शस्त्रे कोणती, टप्पे किती, खेळणारा जिंकतो कसा आणि हरतो कसा, हे सगळे लिहून झाल्याशिवाय चित्रकाराने पेन्सिल उचलू नये आणि प्रोग्रॅमरने कोडची एक ओळही लिहू नये. दुसरी बाजू म्हणते की गेम ही खेळून पाहायची गोष्ट आहे. कागदावर रंगलेला गेम पडद्यावर निर्जीव निघाला, तर लिहिण्यात गेलेले महिने कोण भरून देणार? या लेखी आराखड्याला धंद्यात ‘गेम डिझाइन डॉक्युमेंट’ म्हणतात, बोलण्यात नुसते ‘जीडीडी’. आजवर या कागदाची भक्तीही भरपूर झाली आणि टिंगलही. गाजलेल्या आणि फसलेल्या गेमांचे जे कागद पुढे उजेडात आले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर ठरतात. गेममधल्या काही गोष्टी कागदावर पक्क्या ठरवता येतात, आणि तिथे ठरवल्या नाहीत तर पुढे फार महागात पडतात. काही गोष्टी मात्र हातात कंट्रोलर येईपर्यंत कोणालाच कळत नाहीत, मुरलेल्या डिझायनरलाही नाही. या दोन प्रकारांमधली सीमा आराखड्याने कुठे आखली आहे, यावरून त्याची किंमत ठरते. पाने किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

या कागदात असते तरी काय? गेमची कल्पना दोन-चार वाक्यांत. खेळणारा क्षणाक्षणाला काय करणार: पळणार, उडी मारणार, नेम धरणार, की शेतात बी पेरणार. ते करून त्याला काय मिळणार आणि त्या मिळकतीतून पुढे कोणते नवे काम खुले होणार. नियम, पात्रे, कथा, टप्पे म्हणजेच लेव्हल. पडद्यावरची बटणे आणि आकडे, आवाज आणि संगीत. गेम फोनवर चालणार की कन्सोलवर. आणि शेवटी माणसे किती, महिने किती, पैसे किती. वाचताना हे सिनेमाच्या पटकथेसारखे वाटते, आणि अनेक नवशिके पटकथा समजूनच ते लिहायला घेतात. साम्य आहेही, दोन्हींवरून खर्च काढता येतो, कामे वाटता येतात. पण पटकथेतला नायक पटकथाकाराचे ऐकतो. गेममधला नायक एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याचे ऐकतो, आणि तो माणूस समोरचे दार उघडायचे सोडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाच मिनिटे उड्या मारत बसू शकतो. त्यामुळे गेमच्या आराखड्यातले प्रत्येक विधान म्हणजे एक भाकीत असते: आम्ही असे केले, तर खेळणारा तसे करील आणि त्याला मजा येईल. यातली काही भाकिते विचाराने तपासता येतात, काही हिशेबाने, आणि काही केवळ कोणाला तरी खेळायला बसवून.

विचाराने तपासता येणाऱ्या भाकितांचा उत्तम नमुना म्हणजे ‘ग्रिम फँडँगो’. लुकासआर्ट्स कंपनीत टिम शेफर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा गेम 1998मध्ये आला. मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाच्या कल्पनांवर बेतलेल्या परलोकात मॅनी कालावेरा नावाचा प्रवास-एजंट चार वर्षे भटकतो, आणि एकेक कोडे सोडवत त्याला पुढे न्यायचे असते. शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996मध्ये लिहिलेला कोड्यांचा आराखडा, गेमला दहा वर्षे झाली तेव्हा म्हणजे 2008मध्ये, शेफर यांनी सर्वांसाठी खुला केला. 70हून अधिक पानांच्या या दस्तऐवजात कोणते कोडे कुठे आहे, कशाने सुटते आणि सुटल्यावर काय हाती येते, याची तपशीलवार मांडणी आहे. अशा गेमांसाठी कोणते कोडे कोणत्या कोड्यावर अवलंबून आहे याचे तक्ते आखण्याची पद्धत रॉन गिल्बर्ट यांनी याच कंपनीत आधी रुळवली होती. तक्त्याचा फायदा सरळ आहे. पेटी उघडायची किल्ली त्याच पेटीत राहून गेली असेल, तर ती चूक तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येते. एका वेळी एकच कोडे खुले असेल, तर अडकलेला माणूस कंटाळून उठतो. तीन-चार खुली असतील तर तो दुसऱ्याकडे वळतो. तक्ता कुठे चिंचोळा झाला आणि कुठे पसरला, हेही एका नजरेत दिसते. हीच चूक चित्रे, आवाज आणि कोड तयार झाल्यावर सापडली असती, तर दुरुस्तीला कित्येक आठवडे लागले असते. कागदावर ती खोडरबराने निघते.

जागेची आखणीसुद्धा बऱ्याच अंशी कागदावर होऊ शकते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) या गेमचे टप्पे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढले होते. कागद प्रोग्रॅमरांकडे जाई, ते त्यावरून टप्पा यंत्रात भरत. खेळून पाहिल्यावर बदल सुचले की ते पुन्हा कागदावर उतरवले जात. कागदावरची एक चौकट म्हणजे पडद्यावरची एक वीट, असा हा रोकडा व्यवहार होता. ‘इथे थोडी अवघड उडी असावी’ असे वाक्य लिहिले असते, तर प्रोग्रॅमरने त्याचा स्वतःच्या मनाने अर्थ लावला असता. खड्डा चार चौकटींचा काढला की तो चारच चौकटींचा होतो. आराखडा हा एका माणसाने दुसऱ्याला दिलेला निरोप असतो आणि निरोपात संदिग्धता जितकी कमी तितके काम सुरळीत, हे यातून दिसते. पण या कागदाची मर्यादाही त्याच्यातच दिसते. मारिओची उडी हलकी वाटावी की जड, पळता पळता दिशा बदलली तर त्याने किती घसरावे, यातले काहीही चौकटींच्या कागदावर उमटत नाही. आणि तो गेम खेळणाऱ्याच्या आठवणीत राहतो तो नेमका त्या उडीमुळे.

ही मर्यादा किती निर्णायक असू शकते, ते ‘डायब्लो’च्या जन्मकथेत दिसते. कॅलिफोर्नियातल्या काँडोर या लहानशा कंपनीने 1994मध्ये प्रकाशकांना दाखवण्यासाठी थोड्याच पानांचा एक प्रस्ताव लिहिला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डेव्हिड ब्रेव्हिक, यांनी 2016मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानात त्याची कहाणी सांगितली. प्रस्तावातला गेम पाळीपाळीने खेळायचा होता: आधी तुमची चाल, मग राक्षसाची, बुद्धिबळातल्यासारखी. ब्लिझार्डने प्रकल्प स्वीकारला आणि कालांतराने सुचवले की पाळ्या काढून टाका, सगळे एकाच वेळी घडू द्या. ब्रेव्हिक यांचा याला विरोध होता. टीममध्ये मत घेतले, तेव्हा ते हरले. बदलाला पुष्कळ वेळ लागेल अशी त्यांची समजूत होती, पण प्रत्यक्ष बसल्यावर एका दुपारच्या कामात तो पार पडला. त्यांनी सांगाड्यावर क्लिक केले, योद्धा चालत गेला, त्याने घाव घातला आणि सांगाडा कोसळला. आपण चुकलो होतो, हे त्यांना त्याच क्षणी कळले. आता मूळ प्रस्ताव पुन्हा वाचा. प्रत्येक वेळी नव्याने तयार होणारी भुयारे, खोल खोल जाणारे टप्पे, वाटेत सापडणारी शस्त्रे आणि चिलखते: गेमची ही हाडे कागदावर बरोबर मांडली गेली होती आणि ती टिकली. चुकले ते वेळेबद्दलचे विधान, आणि ते कितीही विचार केला असता तरी बसल्या जागी सुधारले नसते. प्रस्ताव आटोपशीर होता, म्हणून ते विधान मागे घेणेही सोपे गेले. पाळ्यांच्या नियमांवर दोनशे पाने लिहून झाली असती, तर चूक तीच राहिली असती, फक्त ती मान्य करायला कोणी धजावले नसते.

आराखड्याच्या विरोधकांचे लाडके उदाहरण म्हणजे ‘डूम’. आयडी सॉफ्टवेअरचे डिझायनर टॉम हॉल यांनी 1992च्या अखेरीस या गेमसाठी ‘डूम बायबल’ या नावाचा सविस्तर दस्तऐवज लिहायला घेतला. त्यात एका चंद्रावरचा लष्करी तळ होता, निवडता येतील अशी अनेक पात्रे होती, प्रत्येकाची पार्श्वभूमी होती आणि भागाभागांतून उलगडणारी कथा होती. कंपनीचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांच्या लेखी अशा गेममध्ये कथेला फारसे मोल नव्हते. त्यांनी उभारलेले तंत्र वेगासाठी, अंधारासाठी आणि एकामागून एक अंगावर येणाऱ्या शत्रूंसाठी होते. बायबलातला बराच भाग बाजूला पडला. गेम बाहेर पडण्याआधी, 1993मध्येच, हॉल यांनी कंपनी सोडली. 10 डिसेंबर 1993 रोजी ‘डूम’ आला आणि त्याने एका संपूर्ण गेमप्रकाराला वळण लावले. यावरून काढला जाणारा निष्कर्ष उघड आहे: बघा, आराखडा कचऱ्यात गेला आणि गेम अजरामर झाला, मग लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, कारण घटना खऱ्या आहेत.

पण त्याच वर्षाच्या जानेवारीत याच कंपनीने काढलेले एक प्रसिद्धिपत्रक या निष्कर्षाच्या आड येते. अजून न झालेल्या गेममध्ये काय काय असेल याची त्यात जाहीर यादी होती. भिंती काटकोनातच असाव्यात असे बंधन नसेल, जमिनीची आणि छताची उंची जागोजागी बदलेल, दूरच्या गोष्टी अंधारात विरत जातील, अनेक जण नेटवर्कवरून एकत्र खेळू शकतील, आणि गेम ‘खुला’ असेल, म्हणजे बाहेरच्या लोकांना त्यात स्वतःची भर घालता येईल. यातले बहुतेक सारे डिसेंबरमधल्या गेममध्ये होते. चार जणांना एकत्र खेळता आले. टप्प्यांची माहिती मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फायलींत ठेवल्यामुळे जगभरातल्या हौशी लोकांनी स्वतःचे टप्पे रचले, आणि हे काम आजही थांबलेले नाही. म्हणजे ‘डूम’ आराखड्याविना झाला असे म्हणता येत नाही. त्याला दोन लेखी आराखडे होते. एक गळाला, दुसरा जवळपास जसाच्या तसा उतरला. गळालेल्या आराखड्याने खेळणाऱ्याला काय वाटेल आणि कशात रस येईल हे आधीच ठरवून टाकले होते, आणि टीममधल्या सर्वांची त्याला संमती नव्हती. टिकलेल्या आराखड्याने तंत्राला काय जमले पाहिजे एवढेच सांगितले होते. जमले की नाही, हे डोळ्यांनी तपासता येत होते. लेखी वचन सगळ्या टीमला मान्य असलेले आणि तपासता येण्याजोगे होते, तिथे कागद टिकला.

आता हिशेबाने तपासायच्या भाकितांकडे वळू. इथे कागद सर्वांत उपयोगी असतो आणि इथेच त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘डूम’च्या निर्मात्यांपैकी जॉन रोमेरो यांनी पुढे डलासमध्ये आयन स्टॉर्म ही कंपनी काढली आणि 1997च्या मार्चपर्यंत ‘डायकाताना’चा आराखडा पूर्ण केला. चार वेगवेगळ्या कालखंडांत पसरलेले 24 टप्पे, 25 शस्त्रे आणि 64 राक्षस. गेम त्याच वर्षीच्या नाताळच्या बाजारात आणायचा बेत होता. कोणीही पेन्सिल घेऊन भागाकार करावा. नऊ महिने धरले तरी महिन्याला सात राक्षस, जवळपास तीन टप्पे आणि जवळपास तीन शस्त्रे. एका राक्षसासाठी कल्पनाचित्र, त्रिमिती आकृती, हालचाली, आवाज, वागण्याचा कोड आणि मग चाचणी, एवढे सगळे करायचे. त्यात मध्येच पायाभूत तंत्र, म्हणजे इंजिन, बदलून ‘क्वेक 2’चे घ्यायचे ठरले, आणि केलेले काम नव्या इंजिनात पुन्हा बसवत बसावे लागले. गेम अखेर 2000च्या मे महिन्यात आला आणि त्याची चांगलीच हेटाळणी झाली. ही चूक कळायला गेम खेळून पाहण्याची गरज नव्हती. ती आराखड्याच्या आकड्यांतच बसलेली होती. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’चे दुखणे याच्या सख्ख्या नात्यातले. 1997मध्ये जाहीर झालेला हा गेम 2011मध्ये बाजारात आला, आणि तोही मूळ कंपनीने सर्व टीमला घरी पाठवल्यावर दुसऱ्या स्टुडिओच्या हातून. सुरुवातीलाच एक इंजिन सोडून दुसरे घेतले गेले, बाजारात नवे काही दिसले की आपल्याकडेही ते हवे असे होत गेले. काय करायचे नाही, हे कुठेतरी लिहून त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या असत्या, तर त्या कागदाने इतर कोणत्याही कागदापेक्षा जास्त पैसे वाचवले असते.

मग कागद आणि खेळ यांचा क्रम कसा लावायचा? ‘हाफ-लाइफ’ची कहाणी याचे सर्वांत बोलके उत्तर आहे. व्हॉल्व्ह या नव्या कंपनीचा हा पहिला गेम 1997च्या शेवटी यायचा होता. ती वेळ जवळ आली तेव्हा टीमच्याच लक्षात आले की तुकडे चांगले आहेत, पण गेम रंगत नाही. त्यांनी प्रकाशन पुढे ढकलले. आधी काही जणांनी मिळून एकच टप्पा घेतला आणि सुचलेली प्रत्येक गंमत, प्रत्येक शत्रू, प्रत्येक धक्का त्यात भरला. तो टप्पा खेळताना मजा आली. मजा कशामुळे आली याची कारणे त्यांनी शोधली: ठरावीक वेळाने नव्हे, तर खेळणारा जितके अंतर चालेल तितक्या अंतरावर काहीतरी घडावे, त्याने भिंतीवर गोळी झाडली तर भिंतीवर खूण उमटावी, म्हणजे जगाने त्याची दखल घ्यावी. सर्वगुणसंपन्न डिझायनर शोधूनही मिळाला नाही, तेव्हा प्रोग्रॅमर, टप्पे रचणारा, लेखक आणि ॲनिमेटर अशा सहा-सात जणांचा ‘कबाल’ नावाचा गट केला. टीममधले केन बर्डवेल यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे हा गट आठवड्याचे चार दिवस, रोज सहा तास, असा पाच महिने बसला, आणि त्यातून 200हून अधिक पानांचा आराखडा तयार झाला. बटणे किती उंचीवर असावीत, कोणत्या टप्प्यात दिवसाची कोणती वेळ असावी, इथपर्यंत तपशील त्यात होते. मग बाहेरची माणसे बोलावून दोनशेवर वेळा खेळवून पाहिले. टीममधले लोक मागे बसून काहीही न सुचवता नुसते टिपत राहत. गेम 1998च्या नोव्हेंबरात आला. इथे पाने भरपूर होती, पण ती पहिल्या खेळत्या टप्प्यानंतर लिहिली गेली. काय रंगते हे हातांनी शोधले, आणि ते पूर्ण गेमभर कसे पसरवायचे हे कागदावर ठरवले. ‘डूम बायबल’च्या वेळी क्रम नेमका उलटा होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी पाने वाचतो कोण? टीममधला चित्रकार दोनशे पाने चाळत नाही, तो शेजारच्याला विचारतो. आणि लिहिलेले व बनलेले यांत दोन महिन्यांत अंतर पडते. हे निरीक्षण अचूक आहे, आणि जाणत्या लोकांनी त्यावर उत्तरेही शोधली आहेत. मार्क सर्नी यांनी 2002मध्ये डाइस परिषदेत ‘मेथड’ या नावाने आपली पद्धत मांडली. सुरुवातीलाच शंभर पानी आराखडा हवा, ही समजूत त्यांनी भाबडी ठरवली; आधी गेमचा एक तुकडा पूर्ण दर्जाने करून पाहा, तोवर काही पानांची ढोबळ मांडणी आणि टप्प्यांचा एक तक्ता पुरे, असा त्यांचा सल्ला होता. स्टोन लिब्रांडे यांनी 2010च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एका पानाच्या आराखड्यांचा पुरस्कार केला: मध्यभागी चित्र, भोवती टिपा, आणि तो मोठा कागद भिंतीवर, सर्वांच्या नजरेसमोर. पण या दोघांनीही लिहू नका असे सांगितलेले नाही. त्यांचा राग अवेळी आणि अपात्री लिहिण्यावर आहे. ‘हाफ-लाइफ’ची दोनशे पाने वाचली गेली, कारण ती कामे करणाऱ्यांनीच मिळून लिहिली होती आणि पुढच्या आठवड्याचे काम त्यांतूनच निघत होते. कोणासाठी आणि कधीपर्यंत, हे माहीत असलेले पान लांब असले तरी वाचले जाते. ते माहीत नसलेले एक पानही कोणी उलगडत नाही.

दुसरा आक्षेप एकट्या माणसाचा. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने काम करून 2016मध्ये आणला. चित्रे, संगीत, कोड, लेखन सगळे त्यांचेच. ज्याला निरोप द्यायला दुसरा माणूसच नाही, त्याने आराखडा कशाला लिहावा? मला वाटते, इथे आराखड्याचे एक काम गळून पडते आणि दुसरे राहते. निरोपाचे काम उरत नाही. हिशेबाचे उरतेच, उलट वाढते. एकट्याने काम करणाऱ्यापाशी ‘हे कधी संपणार?’ असे विचारणारा निर्माता नसतो, पगार मागणारा सहकारी नसतो. वर्षामागून वर्ष गेले तरी हटकणारे कोणी नाही. अशा माणसाने चार ओळींत का होईना, पूर्ण झालेला गेम म्हणजे काय हे लिहून ठेवले नाही, तर त्याचा गेम दर महिन्याला थोडा मोठा होतो आणि कधीच पुरा होत नाही. यशस्वी झालेल्या एकट्या निर्मात्यांची नावे आपल्याला माहीत असतात. अर्ध्यावर सोडलेल्यांची नावे कोणाच्या कानावर येत नाहीत. त्यामुळे एका बॅरोन यांच्यावरून नियम काढणे धोक्याचे आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि आपल्याकडच्या लहान स्टुडिओंना तो सर्वांत जवळचा. प्रकाशकाला किंवा गुंतवणूकदाराला पूर्ण, नेमका, आत्मविश्वासाने भरलेला कागद हवा असतो. ‘हे आम्हाला अजून ठरवायचे आहे’ असे लिहिले तर पैसे देणार कोण? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम 2020मध्ये आला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे, आणि भारतीय पुराणकथा व वास्तुशिल्प ही त्याची पार्श्वभूमी. किकस्टार्टरवरून लोकवर्गणी जमवण्याचा या टीमचा आधीचा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. अनरियल इंजिनाच्या निर्मात्यांचे अनुदान त्यांना मिळाले, आणि पुढे गेम प्रकाशित होऊन द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला. एका उदाहरणावरून पैसे कसे उभे राहतात याचा सिद्धान्त मांडता येणार नाही. मात्र लहान टीमला एक गोष्ट नाकारता येत नाही: मोठ्या कंपनीला चुकीच्या वर्षाचा पगार सोसतो, लहान टीम त्या वर्षात बंद पडते. म्हणून अनिश्चितता लपवणारा कागद तिलाच जास्त घातक. पैसे देणारा माणूस अडाणी नसतो. ‘लढाईचा वेग अजून ठरलेला नाही, तीन पर्यायांचे नमुने सहा आठवड्यांत करून दहा जणांना खेळवू आणि मग ठरवू, त्याचा खर्च इतका’ हे वाक्य ‘लढाई वेगवान आणि थरारक असेल’ या वाक्यापेक्षा त्याला जास्त धीर देते. पहिल्या वाक्यात माणसे, मुदत आणि रक्कम आहे. दुसऱ्यात विशेषणे आहेत.

तेव्हा आज एखाद्याला गेमचा आराखडा लिहायचा असेल, तर नमुन्यादाखल मिळणारे चाळीस मथळ्यांचे तयार साचे भरत बसण्यापेक्षा त्याने प्रत्येक विधानाला स्वतःच तीनपैकी एक रकाना द्यावा. जे विचाराने ठरते, म्हणजे नियम, क्रम, कोड्यांचे अवलंबन, कथेतले दुवे, ते आताच ठरवावे आणि तक्त्यात किंवा चित्रात मांडावे, कारण तक्ता खोटे बोलू देत नाही. जे हिशेबाने ठरते, म्हणजे टप्पे, पात्रे, हालचाली, आवाज, भाषा, त्याचे आकडे लिहावेत, त्यांना माणसे आणि महिने यांनी भागावे, आणि भागाकार बसला नाही तर कल्पना कितीही लाडकी असो, ती कापावी. कापलेल्या गोष्टींची यादी आराखड्यातच ठेवावी, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी तीच कल्पना नव्या उत्साहाने परत आणली तर कारणासकट उत्तर तयार असेल. आणि जे खेळूनच ठरते, म्हणजे वेग, वजन, ताण, मजा, तिथे उत्तर लिहायचा मोह टाळून प्रश्न लिहावा, आणि त्यासमोर नमुना कोणता, खेळणार कोण, तारीख कोणती हे लिहावे. हा तिसरा रकाना रिकामा असलेला आराखडा कितीही भरगच्च दिसला तरी त्याच्या लेखकाला आपण काय जाणत नाही याचा पत्ता नाही, असे खुशाल समजावे. आणि ज्याच्यात फक्त तिसराच रकाना आहे, त्याने अजून योजनेला हात घातलेला नाही. त्याच्यापाशी इच्छा आहे आणि खर्च सुरू झालेला आहे.